ऑफिसातून निघालेला छोटा पीसी: किमतीआधी काय बघायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक चपटा काळा डबा हमखास दिसतो. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी आणि एचपी एलिटडेस्क मिनी ही त्यातली मुख्य घराणी. लांबी-रुंदी जेमतेम १८ सेंटिमीटर, जाडी साडेतीनच्या आसपास. घनफळ साधारण एक लिटर भरतं, म्हणून यांना ‘वन लिटर पीसी’ असंही म्हणतात. मॉनिटरच्या पाठीला स्क्रूंनी बसवला की टेबलावर फक्त कीबोर्ड आणि माउस उरतो. ज्या घरात अभ्यासाचं आणि जेवणाचं टेबल एकच असतं, तिथे हे सुख मोठं आहे.

हे डबे नवे नसतात. कुठल्यातरी ऑफिसात चार-पाच वर्षं काम करून आलेले असतात. कॉलेजच्या मुलाला, घरी शिकवण्या घेणाऱ्या बाईंना, सोसायटीचा हिशेब सांभाळणाऱ्या सेक्रेटरीला यापेक्षा चांगला सौदा मला तरी माहीत नाही. अट एकच, डब्यात उरलेली वर्षं किती हे घेण्याआधी ओळखता आलं पाहिजे. “लास्ट किती?” हे सगळेच विचारतात. अजून किती वर्षं चालेल हे फारसं कोणी विचारत नाही, आणि पैसे बुडतात ते तिथेच.

इतका स्वस्त मिळतो कसा?

बीकेसी, पवई, सीप्झ, ऐरोली इथल्या ऑफिसांना कॉम्प्युटर शेकड्यांनी लागतात. काही लीजवर घेतलेले असतात, काही तीन वर्षांच्या वॉरंटीसकट विकत घेतलेले. मुदत संपली की कंपनीला ते ठेवणं परवडत नाही, कारण एक डबा बंद पडला तर त्यावर बसणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस फुकट जातो. शिवाय आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरवर दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो. आज १०० रुपयांना घेतलेली वस्तू चार वर्षांनी वहीत १३ रुपयांचीच उरते. मग अख्ख्या मजल्यावरचे डबे एकगठ्ठा विकले जातात आणि साफसफाई होऊन दुकानांत येतात.

म्हणजे भाव उतरतो तो डबा खराब झाला म्हणून नाही, कंपनीचा हिशेब पूर्ण झाला म्हणून. प्रोसेसरमध्ये झिजण्यासारखा हलता भाग नसतो, तो सहसा जात नाही. झिजतात त्या गोष्टी वेगळ्या: पंखा, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट, एसएसडी (फिरत्या भागाशिवायची वेगवान डिस्क), अ‍ॅडॉप्टर आणि तारीख-वेळ लक्षात ठेवणारा छोटा गोल सेल. हे सगळं बदलता येतं. जुन्या लॅपटॉपचं तसं नाही. बॅटरी उतरलेली असते, बिजागर सैल झालेलं असतं, स्क्रीनवर डाग असतो, आणि यातली एकेक दुरुस्ती सौद्याचा फायदा खाऊन टाकते. जुनंच घ्यायचं आणि रोज ने-आण करायची नसेल तर लॅपटॉपपेक्षा असा डेस्कटॉप घ्यावा, हे माझं ठाम मत आहे.

सगळ्यात आधी पिढी

दुकानात पहिलं वाक्य कानावर येतं ते असं: “आय-सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम, विंडोज इलेव्हन टाकून देतो.” ऐकायला जोरदार. पण यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आलेलीच नाही: आय-सेव्हन, पण कितव्या पिढीचा?

इंटेलच्या प्रोसेसरचं नाव वाचायला अवघड नाही. आय५-८५००टी हे उदाहरण घ्या. आडव्या रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-६५००टी असेल तर सहावी. आकडा पाच अंकी असेल, म्हणजे आय५-१०५००टी, तर पहिले दोन अंक मिळून दहावी. शेवटचा ‘टी’ सांगतो की हा ३५ वॅटच्या मर्यादेत बसवलेला, कमी तापणारा प्रकार आहे. एवढ्याशा डब्यात बहुतेक वेळा तोच असतो.

पिढीला एवढं महत्त्व का, तर विंडोजमुळे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेच्या अपडेटची एक वर्षाची जादा मुदत दिली, तिची शेवटची तारीख १३ ऑक्टोबर २०२६. विंडोज ११ चालवायचं तर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याशिवाय टीपीएम २.० नावाची सोय लागते. टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या वेगळ्या सुरक्षित जागी ठेवणारी चिप. आठव्या पिढीच्या ऑफिस पीसीत ती असते. कधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली असते, तेवढी चालू करावी लागते.

आता गंमत बघा. सहाव्या पिढीचा आय७-६७००टी हा चार कोअरचा, म्हणजे आत स्वतंत्रपणे काम करणारे चार भाग असलेला. आठव्या पिढीचा आय५-८५००टी सहा कोअरचा. एवढंच काय, आठव्या पिढीचा साधा आय३-८१००टीसुद्धा चार कोअरचा आहे आणि विंडोज ११ च्या यादीत बसतो, जिथे तो दिमाखदार आय-सेव्हन बसत नाही. दोन्ही शेजारी ठेवले आणि भाव सारखा असला तर मी डोळे झाकून आठव्या पिढीचा आय-थ्री उचलेन.

“पण साहेब, सहाव्या पिढीवरही इलेव्हन चालतंय, हे बघा!” असं म्हणून दुकानदार स्क्रीन दाखवेल, आणि ते खरंच चालत असेल. तपासणीला बगल देऊन विंडोज ११ टाकता येतं, त्याची साधनं इंटरनेटवर आहेत. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही. ती परत तशीच खटपट करून टाकावी लागते. स्वतःला हे जमत असेल तर प्रश्न नाही. आईवडिलांसाठी किंवा शाळकरी मुलासाठी घेत असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

आधार संपल्यावर लगेच काही होत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. विंडोज ७ चं काय झालं ते आठवा. त्याचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. कॉम्प्युटर चालूच राहिले. मग जानेवारी २०२३ मध्ये क्रोमची १०९ वी आवृत्ती आली, विंडोज ७ साठीची शेवटची. त्यानंतर हळूहळू एकेक साइट नखरे करायला लागली. बँकेचं काम, आयकराचं पोर्टल, मुलांची अ‍ॅडमिशन हे सगळं ज्या ब्राउझरवर करायचं, तोच जुना पडतो. डब्यात उरलेली वर्षं म्हणतो ती ही.

खोक्यावरच्या मॉडेल नंबरावरूनही पिढीचा अंदाज येतो. डेलमध्ये ३०५०, ५०५०, ७०५० हे सहाव्या-सातव्या पिढीचे आणि ३०६०, ५०६०, ७०६० हे आठव्या पिढीचे. शेवटून दुसरा अंक बघायचा: ६ किंवा त्याहून मोठा हवा. लेनोवोत एम७१०क्यू आणि एम९१०क्यू जुने, एम७२०क्यू आणि एम९२०क्यू आठव्या-नवव्या पिढीचे. एचपीत एलिटडेस्क ८०० च्या पुढे जी३ असेल तर थांबा, जी४ पासून पुढे बोलणी करा. तरी शेवटी खात्री स्क्रीनवरच करायची. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात सीपीयूवर टिचकी मारली की प्रोसेसरचं पूर्ण नाव वर उजवीकडे दिसतं. तोंडी सांगितलेलं आणि तिथे दिसणारं एकच आहे का, एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं.

दहावी पिढी परवडत असेल तर ती घ्या. २०२० नंतरचे डबे असल्यामुळे वापर कमी झालेला असतो, आणि आय५-१०५००टी सहा कोअरचा असून एका वेळी बारा कामं हाताळतो. पण आठवीहून दहावीसाठी फार मोठी रक्कम जास्त पडत असेल, तर ती रक्कम रॅम आणि एसएसडीवर खर्च केलेली बरी. रोजच्या कामात तिथे फरक जास्त जाणवतो.

हार्ड डिस्क असेल तर हसून नको म्हणा

जुना कॉम्प्युटर ‘स्लो’ वाटतो त्याचं मुख्य कारण बहुतेक वेळा फिरती हार्ड डिस्क असते. ती सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, आणि बारीकसारीक फायली विखुरलेल्या असल्या की त्याहून कितीतरी कमी. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० च्या पुढे जाते, आणि एनव्हीएमई प्रकारची एसएसडी त्याच्या कित्येक पट. म्हणून ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि २५६ जीबीची एसएसडी यात आकडा लहान असला तरी एसएसडीच घ्यायची. या डब्यांत साधारणपणे पट्टीसारख्या एसएसडीसाठी एक एम.२ खाच आणि एक अडीच इंची ड्राइव्हची जागा असते, म्हणजे फोटो-व्हिडिओंसाठी दुसरी डिस्क नंतरही बसवता येते.

रॅम ८ जीबी ही आजची किमान पातळी समजा. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, बाजूला एक व्हिडिओ कॉल आणि एक्सेल उघडं असेल तर १६ हवी. या डब्यांत लॅपटॉपची रॅम बसते, सोडिम म्हणतात ती, आणि दोन खाचा असतात. १६ जीबी घेताना ८-८ च्या दोन पट्ट्या असल्या तर उत्तम. दोन्ही वाटांनी माहिती ये-जा करते आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला, ज्याला स्वतःची वेगळी मेमरी नसते, त्याचा फायदा होतो. एरवी मी म्हणालो असतो की कमी रॅमचा घ्या आणि नंतर वाढवा. पण २०२५ च्या उत्तरार्धात जगभर रॅमचे भाव चढले, त्यामुळे आधीच भरलेली रॅम मिळत असेल तर आधी हिशेब करून बघा.

काउंटरवर अर्धा तास

दुकानात जाताना खिशात एक पेन ड्राइव्ह आणि हातात पुरेसा वेळ असावा. डबा चालू करायला सांगा, आणि चालू होताना बायोसमध्ये शिरा. डेलमध्ये एफ२, लेनोवोत एफ१, एचपीत एफ१० वारंवार दाबायचं. इथे पासवर्ड मागितला तर सौदा तिथेच थांबवा. कंपन्या बायोसला कुलूप लावतात, आणि विकताना ते काढायचं राहून जातं. कुलूप असलेला डबा रोजचं काम करेल, पण उद्या विंडोज नव्याने टाकायचं म्हटलं तर अडून बसेल. “नंतर काढून देतो” यावर जाऊ नका. आत्ता, तुमच्यासमोर काढलं तरच. बायोसमध्येच अ‍ॅब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस असं काही दिसतं का बघा. चोरीला गेलेलं मशीन शोधण्याची ती सोय असते. ती ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसत असेल तर त्या डब्यावर आधीच्या कंपनीचा हात अजून आहे असं समजा आणि दुसरा मागा.

मग डब्यावरचा सीरियल नंबर. डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात, सात अक्षर-आकड्यांचा. तो मोबाइलवर कंपनीच्या सपोर्ट साइटवर टाकला की मशीन कारखान्यातून कधी निघालं आणि निघताना त्यात काय होतं हे कळतं. “दोनच वर्षं वापरलाय” या वाक्याची परीक्षा इथे होते.

एसएसडीची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन जा. ते आरोग्याची टक्केवारी आणि डिस्क एकूण किती तास चालली ते दाखवतं. रोज नऊ तास, वर्षाला २५० दिवस धरले तर चार वर्षांचे ९,००० तास होतात. एवढे तास दिसले तर घाबरायचं कारण नाही, ऑफिसातला कॉम्प्युटर तेवढा चालणारच. ३०-३५ हजार तास दिसले तर तो रात्रंदिवस चालू राहिलेला आहे. अशा वेळी एसएसडी नवी टाकून मागा, किंवा तिची किंमत भावातून कमी करून घ्या.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडा. डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट झालं आहे असं लिहिलेलं असेल तर ठीक. ‘ऑर्गनायझेशन’च्या सेवेतून अ‍ॅक्टिव्हेट झालं आहे असं दिसलं, तर ते कंपनीचं सामूहिक लायसन्स तरी असतं किंवा त्याची नक्कल करणारी पळवाट. दोन्ही तुमच्या उपयोगाची नाहीत. चांगली बाब अशी की या ब्रँडेड डब्यांबरोबर मुळात विंडोज प्रो आलेलं असेल तर त्याची किल्ली मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते. विंडोज नव्याने टाकलं आणि इंटरनेट जोडलं की ते आपणहून ओळख पटवून घेतं.

आता वाय-फाय. इथे फार लोक फसतात. ऑफिसात सगळं वायरवर चालतं, म्हणून अनेक कंपन्यांनी हे डबे वाय-फाय कार्डाशिवायच घेतलेले असतात. घरी आणल्यावर कळतं की राउटर हॉलमध्ये आणि डबा आतल्या खोलीत. दुकानातच मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून जोडून बघा. कार्ड नसेल तर यूएसबीचा छोटा वाय-फाय डाँगल काम भागवतो. आत कार्ड बसवून घ्यायचं असेल तर कार्डाबरोबर अँटेनाच्या वायरीही लागतात, हे आधी बोलून घ्या.

मॉनिटर जोडायची खाचही बघून ठेवा. बऱ्याच डब्यांना डिस्प्लेपोर्ट असतो, एचडीएमआय नसतो. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल सहज मिळते, फक्त दिशा बरोबर हवी: कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. घरातला टीव्ही मॉनिटर म्हणून वापरणार असाल आणि तो फोर-के असेल, तर आठव्या-नवव्या पिढीच्या बऱ्याच डब्यांवर एचडीएमआयमधून सेकंदाला ३० चित्रंच जातात आणि माउस अडखळल्यासारखा वाटतो. फुल एचडीवर ठेवलं की हा प्रश्न येत नाही.

आणि अ‍ॅडॉप्टर. या डब्यांची वीज बाहेरच्या, लॅपटॉपसारख्या अ‍ॅडॉप्टरमधून येते, बहुधा ६५ किंवा ९० वॅटच्या. तिन्ही कंपन्यांच्या पिना वेगळ्या. डेलचा कॉम्प्युटर तर अ‍ॅडॉप्टर आपला आहे की परका हे ओळखतो. ओळख पटली नाही तर सुरुवातीला इशारा देतो आणि प्रोसेसरचा वेग आवळून धरतो. लोक मग ‘डबा स्लो आहे’ म्हणून परत येतात, आणि दोष असतो अ‍ॅडॉप्टरचा. त्याच कंपनीचा, योग्य वॅटचा अ‍ॅडॉप्टर सोबत हवा, हे भाव ठरवण्याआधी स्पष्ट करा.

एवढं झालं की मागून डबा उजेडात धरा. मुंबईची हवा खारट आणि दमट. यूएसबीच्या तोंडाला, स्क्रूंच्या माथ्यावर गंज आला असेल तर आतही ओल फिरली आहे. वरचं रंगरूप नवं करता येतं, पोर्टच्या आतलं पत्र्याचं तोंड कोणी पॉलिश करत नाही. शेवटी यूट्यूबवर एक फुल एचडी व्हिडिओ दहा मिनिटं चालू ठेवा. पंखा सतत ओरडत राहिला तर धूळ साफ करून थर्मल पेस्ट बदलून मागा. दुकानदाराला ते काही मिनिटांचं काम आहे.

विंडोज की लिनक्स

घरी आणल्यावर दुकानदाराने टाकलेलं विंडोज तसंच वापरू नका. त्यात काय काय आधीच बसवलेलं आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, आणि याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार असता. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर घ्या आणि डिस्क पुसून नव्याने टाका. ओळखीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलाला हाताशी घ्या, संध्याकाळभराचं काम आहे.

सहाव्या-सातव्या पिढीचा डबा आधीच घरात असेल, किंवा फारच स्वस्त मिळत असेल, तर त्याच्यासाठी लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीचा, रस्ता उघडा आहे. लिनक्स मिंट २२ आणि उबुंटू २४.०४ या आवृत्त्यांना २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, मोफत. ब्राउझर, व्हिडिओ, लिब्रेऑफिस, प्रोग्रॅमिंग हे सगळं त्यावर सुखाने होतं, आणि युनिकोड मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करता येतं. ज्यांचं पोट हिशेबाच्या टॅलीवर किंवा मराठी छपाईच्या श्रीलिपीवर आहे त्यांनी मात्र विंडोजच धरावं. गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांना हे सांगायची गरज नाही, पण त्यांच्या मुलांनी हौसेने घरच्या मशीनवर लिनक्स टाकण्याआधी वडिलांना विचारावं.

मॅक मिनीचं काय?

अ‍ॅपलचा छोटा डेस्कटॉप, जुना मॅक मिनीही याच बाजारात दिसतो, आणि त्याचा नियम एका ओळीत सांगता येतो: इंटेलवाला घेऊ नका. २०१८ चा मॅक मिनी देखणा आहे, त्याची रॅमही वाढवता येते, पण २०२५ साली आलेली मॅकओएस टाहो ही मॅकची प्रणाली त्यावर चालत नाही. अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम१ प्रोसेसरचा मॅक मिनी नोव्हेंबर २०२० मध्ये आला आणि त्यावर ती चालते. आवाज जवळपास नाही, वीज कमी, वेग आजही भरपूर. अडचण अशी की त्यात रॅम प्रोसेसरशीच जोडलेली असते आणि साठवणही घरी बदलण्यासारखी नाही. घेताना जे आहे तेच शेवटपर्यंत. म्हणून ८ जीबीचा घेताना विचार करा, १६ चा मिळाला तर सोडू नका. आणि आधीच्या मालकाचा अ‍ॅपल आयडी काढलेला आहे ना, तो मिनी कुठल्या कंपनीच्या नियंत्रणाखाली नोंदलेला नाही ना, हे मशीन पूर्ण पुसून पहिल्या ‘हॅलो’ पासून सेटअप करूनच तपासा.

‘जुन्या मॉडेलवर सूट’ म्हणून सीलबंद एम२ मिनी कुठे दिसला तर एवढं लक्षात ठेवा: २०२४ च्या नोव्हेंबरात आलेला एम४ मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून आला, आणि त्यात सुरुवातीलाच १६ जीबी रॅम आहे. एम२ ची सुरुवात ८ जीबीपासून, आणि त्याच्या २५६ जीबी प्रकारातली एसएसडी एम१ पेक्षाही हळू. फरक थोड्या हजारांचा असेल तर ती सूट नाही.

कोणी घेऊ नये

गेमिंगसाठी नको. फोर-के व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी मॉडेलिंग, आर्किटेक्चरची रेंडरिंग यासाठीही नको, कारण या डब्यांत सहसा ग्राफिक्स कार्ड बसत नाही. पुढेमागे कार्ड टाकायची इच्छा असेल तर याच कंपन्यांचा एक माप मोठा, एसएफएफ म्हणतात तो डेस्कटॉप घ्या. त्यात कमी उंचीचं कार्ड बसतं.

अलीकडे इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचे नवेकोरे छोटे डबेही स्वस्तात मिळतात. वीज फारच कमी खातात आणि ऑनलाइन व्हिडिओचा नवा एव्ही१ प्रकार हार्डवेअरवर चालवतात, जे आठव्या पिढीला जमत नाही. नुसतं टीव्हीला जोडून बघण्यासाठी घेत असाल तर तो घ्या. पण त्यात रॅमची वाट एकच असते, आणि कोण बनवतो, उद्या अ‍ॅडॉप्टर कुठून आणायचा, बायोसचं अपडेट कुठे मिळेल, याची उत्तरं कित्येकदा सापडत नाहीत. कामाच्या मशीनसाठी मी ऑफिसातून आलेला डबाच निवडेन.

विजेचं म्हणाल तर, साध्या कामात हे डबे १५ वॅटच्या आसपास खातात. रोज आठ तास चालवला तरी महिन्याला साडेतीन-चार युनिट. जुना मोठा टॉवर ६० वॅट खात असेल तर तोच हिशेब चौदा युनिटांच्या वर जातो. बिल बेस्टचं असो, अदानीचं, टाटाचं की महावितरणचं, फरक कळतो.

सौदा ठरला की पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर, प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम, एसएसडी आणि वॉरंटीचे दिवस लिहून घ्या. ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे नेमके किती दिवस आणि त्यात काय येतं, हे तोंडी राहू देऊ नका. बॅगेत घालून लोकलने आरामात आणता येतो, फक्त अ‍ॅडॉप्टर वेगळा गुंडाळा, त्याची पीन वाकते. आणि वॉरंटीच्या त्या दिवसांत डबा जपून वापरू नका, पुरता राबवा. दिवसभर चालू ठेवा, प्रत्येक यूएसबीत काहीतरी लावून बघा, लांब व्हिडिओ कॉल करा, रात्री बंद करून प्लग काढा आणि सकाळी तारीख बरोबर दाखवतो का बघा. तारीख मागे गेली असेल तर तो गोल सेल, सीआर २०३२, संपला आहे. तो कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो.